म्हशीचे मागचे पाय

आमच्या नाटकात मी म्हशीचे मागचे पाय असतो. पुढचे पाय आणि डोकं चाचांचं. मला लोकांसमोर बोलता येत नाही, आणि ज्याला बोलता येत नाही त्याला ताई मागचे पाय देतात. कधी झाडाचं खोड, कधी विहिरीचा कठडा. माझी तक्रार नव्हती. काळ्या कापडाखाली वाकून उभं राहावं, चाचांच्या कमरेला धरून चालावं, बाहेर पोरं हसतात ते ऐकावं, यात मला सुख होतं. आजही आहे.

चिखलीत आमचा पाच जणांचा गट आहे. गटाला नाव नाही. ठेवू ठेवू म्हणता राहून गेलं. ताई निवृत्त शिक्षिका, म्होरक्या त्याच. चाचांचं बाजारात शिवणकामाचं दुकान. औषधांचं दुकान चालवणारं एक जोडपं आहे, ते मिळेल ती कामं करतं. आणि मी सरकारी कचेरीत नकला देणारा कारकून. मूळ कागद समोर ठेवायचा, नक्कल ओळीओळीनं ताडून पाहायची, ‘खरी प्रत’ असा शिक्का मारून खाली सही करायची. पोरांच्या गोष्टींवरून नाटक लिहून काढायचं काम ताईंनी माझ्याकडं दिलं ते म्हणूनच. त्या म्हणायच्या, “भाऊ कानामात्रा बदलत नाहीत.”

आमचं काम असं. गावोगावच्या शाळांत जायचं, पोरांना म्हणायचं, मनातली गोष्ट लिहा. वाचलेली नको, टीव्हीवर पाहिलेली नको. पोरं लिहितात. एका नळाला सर्दी होते. एका सरांची सावली सरांच्या आधी शाळेत येते आणि हजेरी घेते. त्यातली एक निवडायची, तिचं नाटक करायचं आणि पहिला प्रयोग त्याच गावात लावायचा. त्या दिवशी सगळं गाव खाली सतरंजीवर, आणि ज्याची गोष्ट ते पोर एकटं खुर्चीवर, सगळ्यांत पुढं. सरपंचालासुद्धा खुर्ची नाही. यावरून दोन-तीन गावांत सरपंच रुसलेही.

पण ताईंचा खरा नियम दुसराच होता. त्याला आम्ही विचारणी म्हणतो. तालीम सुरू करायच्या आधी आमच्यातल्या एकानं त्या पोराकडं जायचं, समोर बसून लिहिलेलं सगळं वाचून दाखवायचं, आणि पोर म्हणेल ते दुरुस्त करायचं. पोराचं समाधान झालं की जिथं गोष्ट संपते तिथं, शेवटच्या पानाच्या खालच्या अर्ध्यात, ते एक चित्र काढतं. चित्र आलं म्हणजे मंजुरी. चित्र नाही तर तालीम नाही.

एका पोराची शेळी सरपंच होते. चाचांनी विचारणीत शेळीचं जोरदार भाषण करून दाखवलं. पोरगं गंभीरपणे म्हणालं, “शेळी भाषण नाही करत. ते फक्त सही करते. मंग सही खाऊन टाकते.” चाचा तिथंच जमिनीवर बसले. म्हणाले, “याच्यापुढं आपण काय ॲक्टिंग करावं बे.”

अशा पोरांमधून आम्हाला ती गोष्ट मिळाली. डोणगावच्या पुढं एक लहान गाव आहे, तिथल्या शाळेतल्या पाचवीच्या एका मुलीची. वहीच्या एका पानावर, शिसपेनीनं. मला ती पाठ आहे.

“एक म्हैस होती. तिनं एस.टी. गिळली. पोटात अंधार होता पण कंडक्टर तिकीट फाडत होता. पोट ते तोंड फुल. पोट ते तोंड हाफ. दुपारी म्हैस लिंबाखाली बसली आणि रवंथ करू लागली. मग एस.टी. तोंडात आली. लोकांनी दातांमधून आपापली घरं पाहिली. घरचे लोक डबे घेऊन आले. मग म्हशीनं पुन्हा गिळलं. रोज दुपारी असंच होते. गोष्ट संपली.”

ताईंनी ती वाचली आणि चष्मा काढून ठेवला. चाचा म्हणाले, “म्हैस मी शिवतो. जुन्या छत्र्यांचं कापड जमा करतो. छत्रीचं कापड ओल्या म्हशीसारखं चमकते.” आणि खरंच त्यांनी चिखलीभर फिरून मोडक्या छत्र्या गोळा केल्या. लोक विचारायचे, “चाचा, एवढ्या छत्र्या काऊन?” चाचा सांगायचे, “म्हैस घेतली.”

मी लिहायला बसलो. एस.टी. गिळण्यापर्यंत सगळं सरळ उतरलं. शेवटाशी अडलो. मला वाटलं, हा काही शेवट नाही. वर आली, खाली गेली, रोज तसंच. लोक टाळ्या कुठं वाजवतील? मग मी शेवट केला. सगळं गाव दोर घेऊन येतं, म्हशीच्या तोंडातून एस.टी. ओढून काढतं, सगळे सुखरूप घरी जातात. त्यासाठी मी दोर ओढायचं एक गाणं लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदा मी काहीतरी स्वतःचं लिहिलं होतं. आंघोळ करताना मी ते म्हणून पाहायचो. मला ते फार आवडलं होतं. कारण एवढंच आहे. आजवर स्वतःलाही मी दुसरी कारणं सांगत आलो.

विचारणीला जायची पाळी माझीच होती. बुधवारी रजा टाकली, मेहकरवरून डोणगावला उतरलो. पुढं गावाला जाणारी काळीपिवळी समोर उभी होती, एका माणसासाठी थांबलेली. ड्रायव्हर म्हणाला, “या काका, तुम्ही बसले की निंघालो.” मी म्हणालो, चहा घेऊन येतो. चहा घेतला. दुसरा घेतला. पोरगी नको म्हणाली तर गाणं गेलं, एवढंच डोक्यात होतं. काळीपिवळी निघून गेली. मी उलट दिशेच्या गाडीत बसलो.

घरी माझ्या मुलीचे रंगीत खडू होते. दार लावून मी शेवटच्या पानावर म्हैस काढली. पहिली फार नीट आली. तो कागद फाडला, पान पुन्हा लिहून काढलं आणि डाव्या हातानं काढली. पंचेचाळीस वर्षांचा माणूस, खाली मान घालून, डाव्या हातानं म्हैस रंगवतो आहे. शिंगं पुढं वळली, एक कान मोठा झाला. हुबेहूब पोराची.

ताई ते पान पाहून म्हणाल्या, “किती जिवंत आहे हो पोरीची म्हैस.” चाचांनी तेच चित्र समोर ठेवून मुखवटा शिवला, शिंगं तशीच पुढं वळवली, कान एक मोठा ठेवला. आणि मूळ चित्र काच लावून दुकानात मशीनवरच्या भिंतीला टांगलं.

प्रयोग शाळेच्या मैदानात सकाळी झाला. एस.टी. म्हणजे लाल पुठ्ठ्याची चौकट, प्रवासी त्याच शाळेची पोरं. जबडा वर झाला की ती रांगेनं आत शिरायची आणि आमच्या पायांत दाटीवाटीनं बसायची. शेवटी दोर निघाले, गाणं सुरू झालं, अख्खं गाव उठून ओढायला आलं. टाळ्या तर थांबेनात.

मुख्याध्यापकांनी त्या मुलीला माइकसमोर उभं केलं. “सांग, कशी वाटली तुझी गोष्ट?”

ती म्हणाली, “हे माह्यं नाही.”

लोक हसले. तिनं पुन्हा सांगितलं, “मी असं नाही लिहिलं. अन् म्हशीची शिंगं अशी नसतात.”

“अगं, तुला विचारूनच केलंय. हे काका घरी आले होते ना?”

“नाही आले.”

मुख्याध्यापकांनी माझ्याकडं पाहिलं. मी तेव्हा म्हशीच्या पाठीतल्या फटीतून नुसतं डोकं बाहेर काढून उभा होतो. “आले होते ना साहेब तुम्ही?”

मी मान हलवली. हो अशी.

मग ते तिला म्हणाले की एवढी मोठी माणसं एवढ्या लांबून येतात आणि तू पाहुण्यांसमोर खोटं बोलतेस, माफी माग. ती माझ्यासमोर आली. खाली बघत म्हणाली, “माफ करा काका.”

मी म्हणालो, “असू दे.”

ताई हळूच म्हणाल्या, “लहान आहे, विसरली असेल.” त्यांनी चित्र पाहिलेलं होतं ना. चाचांच्या कानांवर मुखवट्याचा स्पंज होता, त्यांना काही ऐकूच गेलं नाही. ते आतून विचारत होते, “काय झालं? पोरगी खूश हाय ना?”

त्यानंतर तीन वर्षं म्हशीचं नाटक आम्ही गावोगाव केलं. सगळ्यात जास्त मागणी त्यालाच. प्रत्येक वेळी सुरुवातीला ताई त्या मुलीचं नाव घ्यायच्या, आणि मी छत्र्यांच्या कापडाखाली वाकून ते नाव ऐकायचो. दुकानात चहाला गेलो की भिंतीवर माझी डाव्या हाताची म्हैस. चाचा गिऱ्हाइकांना दाखवायचे, “पाचवीतल्या पोरीनं काढली हे. आपल्या बापालेही नाही जमणार.” मी चहात बिस्किट बुडवायचो.

मागच्या वर्षी डोणगावच्या एका हायस्कुलातून आठवीच्या पोरांच्या गोष्टींचा गठ्ठा आला. रविवारी ताईंच्या ओसरीवर आम्ही वाटून वाचत होतो. ताईंच्या हातात एक कागद आला, त्यावर तीनच ओळी. त्यांनी मोठ्यानं वाचल्या.

“मी आधी एक गोष्ट दिली होती. ती अजून झाली नाही. ती झाली की दुसरी देईन.”

ताईंनी खालचं नाव पाहिलं. “ही तर आपली म्हशीवाली पोरगी.”

“अरे बाप्पा,” चाचा म्हणाले, “अख्ख्या जिल्ह्यानं पाह्यली, अन् हिलेच नाही दिसली?”

मी म्हणालो, “ती खरं सांगते.”

मग सगळं सांगितलं. गाणं, डोणगावचे दोन चहा, खडू, डावा हात, हलवलेली मान. फार वेळ लागला नाही. तीन वर्षं पोटात घेऊन फिरलो आणि सांगायला पाच मिनिटं पुरली.

औषधवाले दोघं खाली बघत बसले. चाचांनी टोपी काढली, पुन्हा घातली. “मी त्या कागदावरून म्हैस शिवली बे,” एवढंच म्हणाले आणि उठून गेले. आठ-दहा दिवस त्यांनी मला दुकानात बस म्हटलं नाही. मी दारात उभा राहायचो, ते सुईत दोरा ओवत राहायचे. मग एक दिवस बघतो तर मुखवट्याची दोन्ही शिंगं उसवून टेबलावर ठेवलेली, भिंतीवरची काच उतरवलेली. चाचा म्हणाले, “बस. शिंगं कशी असतात ते पोरीले विचारून ये.” आणि चित्र कागदात गुंडाळून माझ्या हातात दिलं.

ताई रागावल्या नाहीत, ते मला जड गेलं. म्हणाल्या, “विचारणी राहिली आहे तुमची. करून या.” मी फाटकाशी पोचलो तेव्हा मागून म्हणाल्या, “आणि भाऊ, डोणगावला उतरून चहा पीत बसू नका.”

घर सापडलं. अंगणात खरी म्हैस बांधलेली होती. शिंगं मागं वळून मानेपर्यंत आलेली. मुलीची आई कडबा टाकत होती. मुलगी आता उंच झाली होती. तिनं मला ओळखलं, आईला काहीच सांगितलं नाही, आत जाऊन पाणी आणलं.

मी दोघींना सांगितलं. आईच्या हातातला कडबा तसाच राहिला.

“म्हंजे हे खरं बोलत होती?”

“हो.”

“अन् त्या दिवशी मी हिले घरी आणून मारलं ते?”

माऊलीनं कडबा म्हशीपुढं टाकला, हात पदराला पुसले आणि लेकीच्या पाठीवर हात ठेवून नुसती उभी राहिली. मुलगी म्हणाली, “जाऊ दे ना आई. लई जोरात नव्हतं मारलं.”

मग मी वाचायला बसलो. तिच्याच पानावरची गोष्ट, तिच्या शेवटासकट. दातांमधून घरं पाहतात तिथं आई मध्येच म्हणाली, “हिचे पप्पा सुरतले असतात, गाडीवर. इकडचं भाडं मिळालं का येतात. घंटाभर थांबतात, जेवतात, निंघतात.” ती सहज बोलली, पाहुण्याला घरचं सांगावं तसं. सगळ्यांना दोरानं ओढून कायमचं घरी आणणारं माझं गाणं मला आठवलं. विचारणीला आलो असतो तर हे तीन वर्षांपूर्वीच कळलं असतं. त्यासाठीच तर विचारणी असते.

चाचांनी दिलेलं चित्र तिला दाखवलं. तिनं उलटंपालटं करून पाहिलं.

“हे म्हैस हाय?”

“हो.”

“हे डुक्कर हाय काका.”

आई पदर तोंडाला लावून हसली. मुलगीही हसली. मीही हसलो.

मग ती म्हणाली, “वर्गातल्या पोरी मले अजून खोटी म्हैस म्हणतात. गावातलेही म्हणतात. तुम्ही माइकवर सांगा.”

“मी स्टेजवर बोलत नाही बेटा. मला जमत नाही.”

“त्या दिवशी मान तर हालवली होती.”

प्रयोग त्याच मैदानात ठेवला. ते मुख्याध्यापक बदलून गेले होते, नव्या बाई होत्या. खुर्ची मांडली, तीवर ती बसली. आठवीतली मुलगी खुर्चीवर आणि गाव खाली, तिला अवघड वाटत होतं. ताईंनी माझ्या हातात माइक दिला. मी कागदावर लिहून नेलं होतं, ते वाचता आलं नाही. अक्षरंच दिसेनात. मी म्हणालो की मागच्या वेळी ही मुलगी खरं बोलली होती, खोटं मी बोललो होतो, मी हिच्या घरी आलो नव्हतो आणि शेवट हिचा नव्हता.

मला वाटलं, सुटलो. तेवढ्यात मागून एक म्हातारे बाबा म्हणाले, “ऐकू नाही आलं बाप्पा. जोरात बोला, तोंडापाशी धरा ते.”

मला ते सगळं दुसऱ्यांदा सांगावं लागलं. दुसऱ्यांदा आवाज नीट आला. शेवटी मी तिच्याकडं वळून म्हणालो, “मला माफ कर.” ती पायातल्या चपलेकडं बघत होती. “असू द्या,” म्हणाली. ती बोलली तेव्हा कळलं की हा किती लहान शब्द आहे आणि तीन वर्षांपूर्वी मी तो कसा वापरला होता.

मग मी कापडाखाली शिरलो. चाचांची कमर धरली. चाचा पुढून म्हणाले, “थरथरू नको, म्हशीले थंडी वाजते असं वाटंल.”

एस.टी. गिळून झाली. पोटात कंडक्टरनं तिकिटं फाडली. म्हैस लिंबाखाली बसली, रवंथ करू लागली, आणि ताईंनी आधी सांगून ठेवल्याप्रमाणे त्या पोरांच्या खऱ्या आया खरे डबे घेऊन पुढं आल्या. माझ्या पायाशी बसलेल्या पोरांची एकच गडबड. “सरक ना बे, माह्यी माय आली.” ती जबड्याकडं सरकली, दातांमधून हात बाहेर निघाले, आणि त्या काळ्या कापडाच्या आत ठेच्याचा आणि गरम भाकरीचा वास भरला. बाहेर कोणीतरी बाई म्हणत होती, “सांडू नको, डबा मंग देजो.” मग म्हशीनं पुन्हा गिळलं. पोरं माझ्या पायांशी परत आली, चावत.

टाळ्या उशिरा पडल्या. दोर ओढायच्या त्या शेवटाला जास्त पडायच्या, हे मी मान्य करतो. पण गाव लगेच उठलं नाही. बायका रिकामे डबे मांडीवर धरून बसून राहिल्या.

ती खुर्चीवरून उठून आमच्याकडं आली. मी शेवटचं पान आणि खडू पुढं केले. तिनं घेतले नाहीत.

“चांगलं झालं,” म्हणाली, “पण एक चुकलं. रवंथ करताना म्हैस डोळे मिटते. तुमची टकमक पाह्यत होती.”

चाचा मुखवटा काढून घाम पुसत होते. “बेटा, मुखवट्याचे डोळे कसे मिटतीन?”

“मंग मिटतीन असे करा ना.”

चाचांनी माझ्याकडं पाहिलं. मी खिशातून पेन काढला आणि पानाच्या कडेला लिहून घेतलं: डोळे.

“ते झालं की चित्र काढीन,” ती म्हणाली. “अन् दुसरी गोष्ट मंगच.”

तेव्हापासून चाचा पापण्यांच्या मागं आहेत. छत्रीचंच कापड, छत्रीच्याच काड्या, आणि पाठीतून ओवून आणलेली एक दोरी. तिचं टोक माझ्या हातात असतं, कारण चाचांचे दोन्ही हात जबड्यात अडकलेले. शेवटच्या पानाचा खालचा अर्धा भाग अजून कोरा आहे. काल दुकान बंद करून आम्ही दोघं कापडाखाली वाकून उभे होतो. आतून मला काहीच दिसत नाही. चाचा म्हणाले, “ओढ.” मी ओढली. औषधवाली वहिनी समोर उभी राहून बघत होती.

“मिटले का?” मी विचारलं.

“एक मिटला,” ती म्हणाली.